एकच चिंचोका

“इनामदार सर गेले,” असं पौर्णिमानं फोनवर सांगितलं, आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात एक दुरुस्ती आली. सर असते तर त्यांनी तिला तिथंच अडवलं असतं. ‘जातो’ हा शब्द त्यांना चालत नसे. ऑफिसातून निघताना कोणी चुकून ‘जातो’ म्हणालं की ते कागदावरून मान वर न करता म्हणत, “येतो म्हणा.” न ऐकता कोणी जिना उतरू लागलंच, तर त्याला अर्ध्या जिन्यातून परत बोलवत, ‘येतो’ म्हणायला लावत आणि मग सोडत. एकदा एका कुरिअरवाल्याला त्यांनी असं बोलावलं. तो बिचारा पाकीट चुकलं असेल म्हणून धावत वर आला होता.

आमची कंपनी सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. खालच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास, त्यामुळे जिन्यात कायम चपलांचा ढीग. वर आम्ही दवाखान्यांसाठी सलाईनचे पंप बनवायचो. बाटलीतून पेशंटच्या शिरेत औषध किती वेगानं जावं हे नर्सनं बटण दाबून सांगायचं आणि पंपानं ते तेवढंच सोडायचं. या पंपाच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच्या मुळाशी एक प्रोग्रॅम असतो, बाकी सगळ्यांना कामं वाटून देणारा. त्याला कर्नेल म्हणतात. आमच्या पंपाचा कर्नेल सरांनी लिहिला होता. पौर्णिमा शेजारच्या टेबलावर विजेची बाजू सांभाळायची. मी पंपाबरोबर जाणारी मराठी माहितीपुस्तिका लिहायला होते, म्हणजे सगळ्यांत कमी कामाची आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी.

मी पत्रकं वाचत वाढले. बाबा कामगार संघटनेचे. आमच्या घरी पाहुण्याला बसवायचं तर आधी खुर्चीवरचे गठ्ठे उचलावे लागत. मला ‘क’ शिकवला तो कमळाचा नाही, कामगाराचा. त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी दुपारच्या सुट्टीवरून एक जाहीर निवेदन लिहून भिंतीवर लावलं. सरांनी ते उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून, शेवटपर्यंत वाचलं. ‘कर्मचारी’मधली वेलांटी पेनानं नीट केली आणि जागेवर जाऊन बसले. तेव्हापासून मी त्यांची ‘पत्रकबाई’ झाले. “अहो पत्रकबाई, आज शांतता दिसते. क्रांती झाली की काय?”

ते गुरुवार पेठेतले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बुकबाइंडिंगचा धंदा होता. आडनावावरून लोकांचे अंदाज चुकत, आणि पूर्ण नाव कळलं की चेहऱ्यांवर जो एक क्षणाचा बदल होई, तो मी पाहिला आहे. मला त्याचा संताप यायचा. सरांना गंमत वाटायची. एक वितरक त्यांच्याशी तासभर बोलला, जाताना त्यानं कार्ड वाचलं आणि भारावून म्हणाला, “अब्दुल इनामदार? अहो, पण तुमचं मराठी फार छान आहे हो.”

“तुमचंही वाईट नाही,” सर म्हणाले. “सराव ठेवा.”

त्यांच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

पहिली सवय वाक्याची. बोलता बोलता कोणी मध्ये आलं तर सर उठून त्याचं काम करत, परत येत आणि जिथं वाक्य तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे बोलत. ‘मी काय म्हणत होतो’ असं त्यांना विचारावं लागलेलं मी कधी ऐकलं नाही. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी ते पौर्णिमाला सांगत होते, “चहात आलं नेहमी...”, आणि तेवढ्यात कोणाचा तरी फोन आला, मग सगळे निघालेच. सुट्टी संपून ती पहिल्या दिवशी पर्स ठेवते न ठेवते तोच हे म्हणाले, “किसून घालावं. ठेचून नाही.” ती बावचळून माझ्याकडे बघत राहिली.

दुसरी सवय चिंचोक्याची. सर प्रोग्रॅम पडद्यावर लिहीत, पण चूक शोधायची असली की कागदावर छापून घेत. छापलेले कागद टेबलावर पसरायचे, ओळीवर बोट ठेवून वाचत जायचं, आणि कोणी हाक मारली की त्या ओळीवर एक चिंचोका ठेवून उठायचं. वापरून वापरून तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता. काम नसे तेव्हा तो शर्टाच्या खिशात असे. हा कुठून आणलात, असं मी विचारलं होतं. “त्याची एक गोष्ट आहे, सांगेन,” म्हणाले. सुरू मात्र कधी केली नाही, आणि सुरू केली नाही म्हणून पूर्ण करायचंही बंधन नव्हतं.

इंटरप्ट म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं, कारण पुस्तिकेत मी त्याला ‘व्यत्यय’ लिहिलं होतं आणि तो शब्द त्यांना अपमानकारक वाटला. “व्यत्यय नाही, दारावरची थाप,” ते म्हणाले. कर्नेल आपलं काम करत असतो. सलाईनचा थेंब पडला की एक यंत्र थाप मारतं. कर्नेलनं हातातलं काम जिथं असेल तिथं थांबवायचं, कुठं थांबलो याची खूण ठेवायची, दार उघडून थेंबाची नोंद घ्यायची आणि खुणेपाशी परत यायचं. “दार उघडायला उठणं कोणीही शिकवेल. अवघड आहे ते परत येणं. तुमच्या आमच्या मराठीला ते माहीत आहे, म्हणून निघतानाच येतो म्हणायची पद्धत आहे.”

आणि नेमकं तेच मोडलं. त्यांचा कर्नेल उठून गेला आणि परत येईना.

पहिली तक्रार हडपसरपुढच्या मांजरी गावातल्या एका छोट्या दवाखान्यातून आली. पंपाचा पडदा उजळ, हिरवा दिवा चालू, पण औषध जाणं बंद. भोंगाही नाही, कारण भोंगा वाजवायचा तोही कर्नेलनंच. वरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसावं अशी ती चूक होती. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून पेशंट वाचला.

आमच्या ऑफिसात मात्र पंप थांबायलाच तयार नव्हता. वीज गेल्यानं होत असेल म्हणून पौर्णिमा सकाळपासून प्लग काढायची, लावायची. तो मुकाट्यानं बॅटरीवर जायचा, विजेवर यायचा, चालत राहायचा.

त्याच सुमारास एका मोठ्या रुग्णालयाची ऑर्डर निघायची होती. तपासणीच्या कागदावर सरांच्या सहीशिवाय एकही पंप बाहेर जात नसे. आमचे व्यवस्थापक दामले साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरलेला माणूस होते. त्यांनी उपाय काढला. पंपात एक रखवालदार बसवायचा, म्हणजे एक छोटं सर्किट. कर्नेल ठरलेल्या वेळात परत आला नाही तर ते पंप बंद करून पुन्हा चालू करेल. ग्राहकाला कळणारही नाही.

“रखवालदार जरूर ठेवा,” सर म्हणाले. “पण पंप नव्यानं सुरू झाला की आधी औषध किती गेलं हे त्याला आठवणार नाही. तो पहिल्यापासून मोजेल. म्हणजे घरातला माणूस परतला नाही म्हणून दुसरा आणून बसवायचा आणि त्याला सांगायचं, तू तोच आहेस. पेशंटनं काय करायचं?”

“सर, तुमच्या मुदतवाढीचा कागदही माझ्याच टेबलावर आहे,” दामले हळू आवाजात म्हणाले. धमकी म्हणून नाही, आठवण म्हणून. सरांची निवृत्ती त्या महिन्याच्या अखेरीला होती. मुलगी अजून शिकत होती. मुदतवाढ त्यांना हवी होती हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं, कारण ती मिळाल्यावर नवीन खुर्ची मागायची असं ते वर्षभर म्हणत होते.

“असू द्या तिथंच,” सर म्हणाले. “माझी सही माझ्याकडे आहे.”

मी पेटले होते. जेवायच्या सुट्टीत बसून एक पत्रक लिहिलं. ‘रुग्णांच्या जिवाशी चाललेला खेळ थांबवा!’ असं सुरू झालेलं आणि तशाच आवाजात दोन पानं चाललेलं. नफेखोरी, मुर्दाडपणा, सगळं होतं त्यात. सरांच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

“उद्गारचिन्हं काढा आणि पुन्हा वाचा,” म्हणाले. “जे उरेल ते छापू.”

मी रागानं काढायला बसले. चिन्हांबरोबर विशेषणं गेली, विशेषणांबरोबर वाक्यं. शेवटी एक ओळ उरली: ‘पंप मध्येच थांबतो आणि का थांबतो हे आम्हांला माहीत नाही.’ सरांनी ती वाचून मान हलवली. मग तपासणीचा कागद पुढे ओढला आणि सहीच्या रिकाम्या जागेवर माझी ओळ माझ्याच शब्दांत उतरवली. माझं सगळ्यांत चांगलं पत्रक ते आहे. आजही मी लिहायला बसते तेव्हा आधी भरपूर ओरडून घेते आणि मग ती ओळ शोधते.

दुसऱ्या दिवशी सर मांजरीला निघाले. नर्सना पुस्तिका कळते का ते बघायला मीही गेले. शेवाळे सिस्टरनी पंप भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा. त्या पेशंटजवळ उभ्या राहून थेंब डोळ्यांनी मोजत होत्या.

“मशीन तुमी आणलंय सर,” त्या म्हणाल्या, “पन राखण मीच करतीय. पेशंटची बी आन मशीनची बी.”

सरांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, लाईट गेल्यावर असं होतं का.

“दर येळंला न्हाय. आन आमच्यात लाईट सरळ जातीय व्हय? आधी लई फडफडती, मंग जाती.”

परतीच्या बसमध्ये दोन्ही बाजूंना ऊस आणि उसातून डोकं काढणाऱ्या नव्या इमारती. सर खिडकीतून बघत होते. हडपसर आल्यावर म्हणाले, आपण प्लग सभ्यपणे काढत होतो.

पौर्णिमानं त्या संध्याकाळी वीज फडफडवणारा एक स्विच बनवला. लावल्याबरोबर पंप थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. आम्ही इतक्या खूश झालो की लोकांना वाटलं असावं पंप चालू झाला. पण चूक दिसली होती, कळली नव्हती. सरांनी कागद पसरले.

त्या दिवसांत जिन्यातून चढता उतरता आमचं एकच बोलणं असे. कर्नेल झोपला, कर्नेल उठला, कर्नेल पुन्हा पडला. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त जोशीकाकांनी ते बरेच दिवस ऐकलं आणि एका सकाळी सरांना गाठलं. “कर्नलसाहेबांची तब्येत कशी आहे आता? कुठल्या पलटणीचे?”

सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “हाक मारली की उठतात,” म्हणाले, “पण कामावर परत येत नाहीत.”

“पेन्शन चालू असेल ना? मग कशाला येतील,” जोशीकाका म्हणाले आणि दार लावून घेतलं. सर वर येईपर्यंत हसत होते. मला वाटतं त्या आठवड्यातलं त्यांचं तेवढंच हसणं.

ती चूक सापडली ती अशी. सर आपले कागद वाचत होते. पौर्णिमा तिच्या सर्किटचा नकाशा घेऊन आली. सरांनी आपल्या ओळीवर चिंचोका ठेवला आणि तिच्या नकाशावर वाकले. त्यातला एक कोपरा दोघं बघत होते, तेवढ्यात दामल्यांनी दारातून हाक मारली. सर उठले, आणि उठताना सवयीनं चिंचोका उचलून पौर्णिमाच्या नकाशावर, जिथं ते दोघं पोचले होते, तिथं ठेवला. दामल्यांशी बोलून आले. नकाशावरचा चिंचोका बघून तिथून पुढे सुरू केलं, तिचं शंकानिरसन केलं, ती गेली. मग ते आपल्या कागदांकडे वळले.

कागद तसेच होते. चिंचोका नव्हता.

मग त्यांनी आम्हां दोघींना बोलावलं आणि अगदी हळू, जणू कोणाची माफी मागावी तसं म्हणाले, “माझ्याकडे चिंचोका एकच आहे.”

पौर्णिमाला माझ्या आधी कळलं. कर्नेल थेंबाच्या थापेला उठला की आपली खूण एका ठरलेल्या जागी ठेवत होता. तो दारात असतानाच वीज गेल्याची दुसरी थाप पडली, तर तो तिकडे जाताना नवी खूण त्याच जागी ठेवत होता. पहिली पुसली जात होती. दोन्ही दारांची कामं करून तो इमानानं खुणेपाशी परत येत होता, पण ती खूण दाराची होती, घरातली नव्हती. तिथंच तो गोल गोल फिरत राहायचा. सरळ गेलेल्या विजेची थाप एकच. फडफडणारी वीज थापांवर थापा मारते, त्यातली एखादी नेमक्या क्षणी पडतेच.

“परत येतच होता तो,” सर म्हणाले. “मी त्याला उगाच बोल लावला. मी त्याला दुसरा चिंचोका दिला नव्हता.”

दुरुस्ती छोटी होती. प्रत्येक थापेला खुणेची वेगळी जागा, एकावर एक, आणि परतताना वरून एकेक उचलत यायचं. वीज दिवसभर फडफडवली. पंप चालत राहिला. दामले साहेबांनी स्वतः पेढे आणले आणि तपासणीचा कागद पुढे केला.

सरांनी पेढा खाल्ला, हात रुमालाला पुसले आणि विचारलं, “आधी गेलेल्या पंपांचं काय?”

दामल्यांच्या मते ते हळूहळू, सर्व्हिसिंगच्या नावाखाली, बोभाटा न करता बदलता आले असते. आता निघणारे तर चांगले आहेत ना. सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं, चिंचोक्याशेजारी. जोवर जुना शेवटचा पंप परत येत नाही आणि दवाखान्यांना तो का परत मागवला हे कळत नाही, तोवर सही नाही. आवाज चढवला नाही. मी पाहिलेल्या सगळ्या संपांत तो सगळ्यांत लहान होता. एक माणूस, एक पेन.

पंप परत आले. ऑर्डरची तारीख हुकली, रुग्णालयानं थोडी कुरकुर केली आणि थांबलं. दवाखान्यांना पाठवायचं निवेदन मी लिहिलं. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. सर्वांत शेवटी मांजरीचा पंप आला, त्यावर सिस्टरनी चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, ‘लक्ष ठेवा’. त्या दिवशी सरांनी सही केली.

मुदतवाढ मिळाली नाही. ते सांगायला दामले साहेब स्वतः टेबलापाशी आले, एवढं त्यांचं श्रेय. मान खाली होती. सर म्हणाले, “साहेब, मी माझी सही केली, तुम्ही तुमची. वाईट वाटून घेऊ नका.” मी तिथंच काहीतरी मोठ्यानं बोलणार होते. सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मनातल्या मनात चिन्हं काढू लागले. काढून जे उरलं ते आजही तसंच आहे: ज्यानं चूक शोधली त्याला घरी पाठवलं.

पुढे ते वाघोलीच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला लागले. मीही ती नोकरी सोडली. भेटी विरळ झाल्या.

शेवटचे दिसले ते स्वारगेटच्या बसथांब्यावर. दुपारची वेळ, वाघोलीची बस यायची होती. थोडे वाकले होते, पण शर्टाला इस्त्री आणि खिशात तो छोटासा उंचवटा. मुलीला नोकरी लागल्याचं सांगितलं. मुलं हुशार आहेत पण सगळी ‘बाय’ म्हणून निघतात, अशी तक्रार केली. कोणत्या क्रांतीवर आहात सध्या, असं विचारलं. मी हसले आणि खिशाकडे बोट दाखवून म्हणाले, “सर, ती गोष्ट अजून राहिलीय.”

“अरे हो,” ते म्हणाले. त्यांनी चिंचोका काढून तळहातावर घेतला. “आमच्या घरी पुस्तकं बांधायला चिंचोक्यांची खळ लागायची. आई मोठ्या पातेल्यात शिजवायची. तर ती चिंचोके भिजत घालताना दर वेळी त्यातला एक मुद्दाम...”

बस आली. गर्दीनं त्यांना दाराकडे ढकललं. पायरीवर चढून त्यांनी वळून पाहिलं, चिंचोक्याची मूठ वर केली आणि म्हणाले, “येतो.”

पौर्णिमाचा फोन येऊन आता बरेच दिवस झाले. त्यांची आई त्या एका चिंचोक्याचं मुद्दाम काय करायची, याची मला पुष्कळ उत्तरं सुचतात, काही तर फार चांगली आहेत. मी त्यांतलं एकही घेतलेलं नाही. वाक्य ‘मुद्दाम’पाशी थांबलं आहे. ती जागा मी तशीच ठेवली आहे, तिच्यावर दुसरं काही ठेवलेलं नाही.